दोन अधिक चार

पीएचडीचं तिसरं वर्ष, दर सहा महिन्यांनी होतं ते आरएसीचं (संशोधन सल्लागार समितीपुढचं) प्रेझेंटेशन, आणि बाहेर जुलैचा कोल्हापुरी पाऊस. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटाच्या इशारा पातळीजवळ आलेली, त्यामुळं निम्मे लोक माझं ऐकण्यापेक्षा मोबाईलवर पातळीच बघत होते (43 ला धोका, हे इथं पोरासोरांनाही पाठ असतं). त्यात लाईट गेली. प्रोजेक्टर बंद. सर म्हणाले, घे खडू.

माझा विषय गणितातला, झिरो डिव्हायजर ग्राफ. म्हणजे रिंगमधले (बेरीज, वजाबाकी, गुणाकार करता येतो असा संच म्हणजे रिंग) असे घटक घ्यायचे जे स्वतः शून्य नाहीत पण दुसऱ्या कुठल्यातरी शून्य नसलेल्याशी गुणले की शून्य होतात, प्रत्येकाचा एक ठिपका, म्हणजे व्हर्टेक्स, आणि ज्या दोघांचा गुणाकार शून्य त्यांच्यात रेघ मारायची, म्हणजे ते शेजारी, झाला ग्राफ. माझा लेमा, म्हणजे पुढच्या प्रूफना लागणारं छोटं प्रमेय, असा की एका व्हर्टेक्सला ए आणि बी असे दोन शेजारी असतील तर ए प्लस बी हा तिसरा शेजारी असतोच. एक्स गुणिले ए शून्य, एक्स गुणिले बी शून्य, मग बेरजेशीपण शून्यच की, दोन ओळीत प्रूफ संपलं. अख्खा तिसरा चॅप्टर याच्यावर उभा.

स्लाईडवर असतं तर पाच सेकंदात पुढं गेले असते. फळ्यावर मात्र ते तसंच राहिलं, आणि मागच्या बाकावरची एमएस्सीची एक पोरगी हळूच म्हणाली, "दीदी, एक विचारू काय? झेड सिक्समध्ये दोन आणि चार घेतले तर?"

झेड सिक्स म्हणजे 0 ते 5 हे आकडे, उत्तराला सहानं भागून उरते ती बाकीच धरायची. मी फळ्यावर 2, 3, 4 लिहिलं. दोन त्रिक सहा, शून्य. तीन चोक बारा, तेपण शून्य. म्हणजे तीनचे शेजारी दोन आणि चार, आता दोन अधिक चार. सहा. शून्य! आणि शून्य तर ग्राफमध्ये नाहीच. तीनला तिसरा शेजारीच नाही. झेड सिक्स, अहो, या विषयात सगळ्यात आधी काढून बघतात ते उदाहरण!

घोळ कुठं झाला ते नंतर कँटीनमध्ये कळलं. बेक नावाच्या गणितज्ञानं 1988 मध्ये हा ग्राफ मांडला तेव्हा रिंगचे सगळे घटक, शून्यसकट, व्हर्टेक्स होते. 1999 मध्ये अँडरसन आणि लिव्हिंगस्टन यांनी शून्य बाहेर काढलं. मी डेफिनिशन घेतली 99 ची आणि डोक्यात 88 चा ग्राफ. वर प्रोग्राम लिहून सगळं चेकिंग केलेलं झेड टू च्या प्रॉडक्टवर (0 आणि 1 च्या रांगा, एक अधिक एक शून्य), तिथं दोन वेगळ्या घटकांची बेरीज शून्य होतच नाही, मग प्रोग्राम दरवेळी बरोबर म्हणणारच की.

सर रागावले नाहीत, ते जास्त लागलं. चहा ढवळत एवढंच म्हणाले, "बुलियन रिंगला खरं आहे ते. तेवढं तरी वाचेल बघ." (बुलियन म्हणजे जिथं प्रत्येक घटकाचा वर्ग तो घटकच, झेड टू ची प्रॉडक्ट त्यातलीच.)

रात्री फाईल उघडून त्या लेमाचा नंबर सर्च केला. चौदा ठिकाणी वापरलेला. त्यातले तीन बुलियनवाले निघाले, चौथ्यावर डोकं खपवत बसले तोवर पुन्हा लाईट गेली.