दाखवायची किंमत : वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये

वॉशिंग्टन डी.सी.ला जाणारी आपली मंडळी कॅपिटॉल, लिंकन मेमोरियल आणि विमानांचं म्युझियम हमखास बघतात. कॉन्स्टिट्यूशन अव्हेन्यूवरचं नॅशनल आर्काइव्हज, म्हणजे अमेरिकेचं राष्ट्रीय अभिलेखागार, मात्र बरेचदा राहून जातं. या वेळी सोबत सासूबाई होत्या. त्यांचं अख्खं आयुष्य शाळेत नागरिकशास्त्र शिकवण्यात गेलं, त्यामुळे पहिली सकाळ तिथेच, हे त्यांनी पुण्याहून निघतानाच ठरवलं होतं. प्रवेश फुकट आहे. रांग टाळायची असेल तर ऑनलाइन वेळ राखून ठेवता येते, त्याचा एक डॉलर पडतो.

अमेरिकेचे तिन्ही मूळ दस्तऐवज इथल्या गोल दालनात, रोटंडामध्ये आहेत : १७७६चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, १७८७ची राज्यघटना आणि हक्कांची सनद. आत पाऊल टाकलं की पहिल्यांदा काहीच दिसत नाही, इतका उजेड कमी. मोबाइल खिशात ठेवायला सांगतात. फ्लॅश टाळा म्हणून सांगूनही लोकांचे फ्लॅश उडतच राहायचे, म्हणून २०१० पासून इथे फोटो काढायलाच बंदी आहे.

आम्ही आधी जाहीरनाम्यापाशी गेलो. चर्मपत्र पिवळट, मधूनच तपकिरी. माथ्याची मोठी अक्षरं तेवढी लागतात. त्याखालचा मजकूर इतका विटलाय की ओळी आहेत एवढंच कळतं. ५६ जणांच्या सह्यांपैकी बहुतेक गेल्यात जमा आहेत. जॉन हॅनकॉक यांची सही एवढी मोठी आणि ठसठशीत, पण तीही आता फिकट झाली आहे. डावीकडे खालच्या कोपऱ्यात चक्क हाताच्या पंजाचा ठसा आहे. तो कुणाचा, हे कुणालाच माहीत नाही.

"अगं, यात तर काहीच दिसत नाहीये," आई म्हणाल्या.

मग चार पावलं पुढे राज्यघटना. आणि तिथे अक्षर न् अक्षर वाचता येतं! 'वी द पीपल' तर लांबूनही दिसतं. दोन्हीत अंतर अवघं ११ वर्षांचं. दोन्ही चर्मपत्रावर, दोन्हींची शाई मायफळ आणि लोहक्षारापासून केलेली. (मायफळ म्हणजे आपल्या बाळगुटीतलंच. त्या काळच्या युरोप-अमेरिकेतले सगळे महत्त्वाचे कागद याच शाईचे.) मग एक विटलं आणि दुसरं टिकलं, असं का?

जाहीरनामा लोकांना दाखवला गेला, घटना दाखवली गेली नाही. खरं कारण एवढंच. स्वातंत्र्ययुद्धात जाहीरनामा गुंडाळून गावोगाव फिरवला. १८१४ मध्ये इंग्रजांनी वॉशिंग्टन जाळलं, तेव्हा स्टीफन प्लेझंटन या कारकुनाने हे कागद कापडी पिशव्यांत भरून व्हर्जिनियातल्या लीसबर्गला हलवले, म्हणून ते वाचले. १८२० पर्यंत अक्षरं एवढी पुसट झाली होती की तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी विल्यम स्टोन यांच्याकडून तांब्याच्या पत्र्यावर हुबेहूब प्रत कोरून घेतली. पुस्तकांत आपण जो स्पष्ट जाहीरनामा बघतो, तो बहुतेक वेळा याच पत्र्यावरून आलेला असतो. खरा घात त्यानंतर झाला. १८४१ पासून जवळजवळ ३५ वर्षं पेटंट ऑफिसच्या इमारतीत तो खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगलेला होता, रोजच्या उन्हात. ज्यांनी टांगला त्यांचा हेतू चांगलाच होता. लोकांचा दस्तऐवज लोकांना दिसावा, एवढीच त्यांची इच्छा. राज्यघटना मात्र १९२४ पर्यंत बहुतेक काळ कपाटात बंद होती. कुणी फारसं विचारलं नाही, म्हणून ती आज वाचता येते.

हे कळल्यावर मी त्या मंद दिव्यांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. तिथे खर्च होतो तो निव्वळ पैशांचा नाही. आपण समोर उभं राहून बघतो तेव्हाही थोडी शाई खर्ची पडत असते, आणि तो वेग जितका कमी करता येईल तितका करायचा, यासाठी सगळा पैसा ओतलेला आहे.

तो पैसाही थोडाथोडका नाही. १९५२ मध्ये जाहीरनामा आणि राज्यघटना इथे आली, ती चिलखती लष्करी गाडीतून. हेलियम भरलेल्या काचेच्या पेट्या त्यांच्यासाठी आधीच तयार होत्या. रोज रात्री या पेट्या यंत्राने जमिनीखालच्या ५५ टनी तिजोरीत उतरायच्या. पुढे १९८७ मध्ये ३० लाख डॉलर खर्चून एक कॅमेरा आणि संगणकयंत्रणा बसवली. तिची रचना अवकाशयानं बनवणाऱ्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीची. शाईचा कण न् कण जागेवर आहे का, हे ताडून बघणं हेच तिचं काम. तोवर जुन्या पेट्यांच्या काचेवर आतून बारीक स्फटिक धरू लागले होते, काचच खराब होत चालली होती.

म्हणून २००१ मध्ये रोटंडा बंद केला आणि दोन वर्षांहून जास्त बंद ठेवला. नव्या पेट्यांचा तळ अ‍ॅल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून कोरलेला, चौकट टायटॅनियमची, वर सोन्याचा मुलामा. आत हेलियमऐवजी अर्गॉन, कारण हेलियमचे अणू इतके लहान की ते फटीतून निसटतात. आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास. चर्मपत्र काचेला कुठेही टेकत नाही, त्याच्याखाली खास बनवून घेतलेला शुद्ध कागद अंथरलेला आहे. पेट्यांसाठी प्यू चॅरिटेबल ट्रस्ट्स या अमेरिकी धर्मादाय संस्थेने ८ लाख डॉलर दिले, बाकीचे सरकारने. इमारतीच्या नूतनीकरणाचा एकूण खर्च सुमारे ११ कोटी डॉलर. त्यातून लोकांच्या पदरात काय पडलं, तर पूर्वी घटनेचं पहिलं आणि शेवटचं पानच बघायला मिळायचं, आता चारही पानं समोर असतात. मला हा सौदा अगदी रास्त वाटतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये दोघा हवामान-आंदोलकांनी घटनेच्या पेटीवर लाल भुकटी ओतली. पेटीने आपलं काम चोख केलं, आत कणही गेला नाही. पण रोटंडा चार दिवस बंद राहिला आणि नुसत्या साफसफाईला ५० हजार डॉलरहून जास्त लागले. मला त्या प्रकाराचा संताप आला. आंदोलनाचा विषय कितीही खरा असला, तरी फुकट बघायला मिळणारी ही एक जागा आणखी आक्रसेल, याचा विचार करायला हवा होता.

खालच्या एका दालनात १२९७चा मॅग्ना कार्टा, म्हणजे इंग्लंडच्या राजाने दिलेली हक्कांची जुनी सनद, आहे. अमेरिकी उद्योगपती डेव्हिड रुबेनस्टाइन यांनी २००७ मध्ये लिलावात २ कोटी १३ लाख डॉलरना तो घेतला, आणि लोकांना बघता यावा म्हणून इथे ठेवायला दिला.

पायांना विश्रांती म्हणून बाकावर टेकलो, तेव्हा आई म्हणाल्या, "आपली घटना आयुष्यभर शिकवली, पण मूळ प्रत कधी बघितली नाही बघ." मी तरी कुठे बघितली आहे! प्रेम बिहारी नारायण रायजादा यांच्या हातची इंग्रजी प्रत, वसंत कृष्ण वैद्य यांच्या हातची हिंदी प्रत, नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या कलाकारांची चित्रं, २४ जानेवारी १९५० रोजी झालेल्या सह्या, त्यात बाबासाहेबांची. हिंदी प्रतीचा कागद तर पुण्याच्या हातकागद संस्थेतला, आईंच्या शाळेपासून रिक्षाच्या अंतरावरचा. या प्रती संसदेच्या ग्रंथालयात निष्क्रिय वायूच्या हवाबंद पेट्यांत जपलेल्या आहेत. त्या पेट्या १९९०च्या दशकात दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीने अमेरिकेतल्या गेटी संस्थेच्या मदतीने बनवल्या. जपण्याचं काम आपल्याकडे मनापासून झालं आहे. पण मला किंवा तुम्हाला सहज आत जाऊन त्या बघता येत नाहीत.

दिल्लीत अशा प्रतींसाठी एक खुलं दालन हवं. उजेड मंद ठेवा, फोटोला बंदी घाला, एका वेळी मोजकीच पानं मांडा, एक रुपयाचं आरक्षण ठेवा. चैत्यभूमी आणि दीक्षाभूमीला लाखो माणसं पदरमोड करून येतात. त्यातल्या कितीतरी जणांना बाबासाहेबांची ती सही स्वतःच्या डोळ्यांनी बघायची असेल. तिच्यासाठी दिल्लीपर्यंतचा प्रवास ते आनंदाने करतील, आणि आईंना घेऊन पहिल्या रांगेत मीही उभी असेन.