छप्पर राहून गेले

काल रात्री चित्रपट संपला, पडद्यावर नावे सरकू लागली आणि शेजारी बसलेली आई एवढेच म्हणाली, "छप्पर राहिलंच की रे त्याचं."

ग्रिगोरी चुखराय यांचा १९५९ सालचा रशियन चित्रपट 'बॅलड ऑफ अ सोल्जर' आम्ही पाहत होतो. शत्रूचे दोन रणगाडे निकामी करणारा १९ वर्षांचा अल्योशा पदकाऐवजी रजा मागतो, कारण गावी आईच्या घराचे छप्पर दुरुस्त करायचे असते. सहा दिवस मिळतात, पण वाटेत याच्या-त्याच्यासाठी थांबत गेल्यामुळे आईजवळ त्याला जेमतेम काही मिनिटे उरतात.

माझ्या मनात साबण रुतून बसला होता. एका अनोळखी सैनिकाने पत्नीसाठी पाठवलेल्या दोन वड्या अल्योशा पोचवतो, घरात दुसरा पुरुष असल्याचे लक्षात येताच त्या परत उचलतो आणि सैनिकाच्या वडिलांच्या हाती ठेवतो. युद्धपटात रणगाड्यांपेक्षा साबण जड वाटावा, ही करामतच म्हणायची.

आईला साबणाचे काही नव्हते. अल्योशा युद्धावरून परतणार नाही, हे चित्रपट सुरुवातीलाच सांगून टाकतो, तरीही सकाळी चहा गाळताना तिने विचारले, "मग पावसात त्या बाईनं काय केलं असेल?"