टेबलावर १८, गाडीवर १५: एफसी-१५० च्या कार्बोरेटरची पातळी

तीन आठवडे केबिनमध्ये पेट्रोलचा वास येत होता. ज्यांच्याकडे एफसी (जुनी फॉरवर्ड कंट्रोल जीप) आहे त्यांना यातली धास्ती कळेल. या गाडीचं इंजिन ड्रायव्हर आणि बाजूच्या सीटच्या मधोमध, झाकणाखाली असतं. कार्बोरेटर ओव्हरफ्लो झाला की पेट्रोल आपल्या गुडघ्याशीच सांडतं. म्हणून या काळात गाडी अंगणाबाहेर काढलीच नाही.

माझ्या हरिकेन इंजिनवर आधीच्या मालकाने बसवलेला सोलेक्स कंपनीचा कार्बोरेटर आहे. मार्चमध्ये त्यात नवीन किट (निडल, वायसर वगैरे सुटे भाग) टाकलं आणि तेव्हापासून त्रास सुरू झाला. प्लग काजळीने काळे, आयडलिंग जड, बंद करून पुन्हा सुरू करायला गेलं की चोक न ओढताही इंजिन पेट्रोलने भरलेलं.

पहिला संशय अर्थात उन्हावर गेला. नागपूरचा एप्रिल, इंजिनावर पत्र्याचं झाकण, कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळत असणार. ते ताडून पाहायला पहाटे साडेपाचला थंड इंजिन सुरू केलं. दोन मिनिटांत थ्रॉटलच्या दांड्याशी ओल दिसली. थंड गाडीत हे होत असेल तर दोष उन्हाचा नाही.

मग फ्लोट काढला, म्हणजे वाटीत तरंगणारा पोकळ डबा; पेट्रोल चढलं की तो वर येऊन निडल तिच्या सीटमध्ये (बसायच्या भोकात) दाबतो आणि पेट्रोल थांबवतो. कानाशी हलवला, आत पेट्रोल नाही. गरम पाण्यात दाबून धरला, एकही बुडबुडा नाही. निडल नवी, टोकावर खाच नाही, सीटमध्ये कचरा नाही. टेबलावर कार्बोरेटर उभा करून फूटभर उंचीवरून बाटलीने पेट्रोल सोडलं आणि पेट्रोल वाटीच्या काठापासून किती खाली आहे ते मोजलं, तर १८ मिलिमीटर. माझ्या वहीत गाडी उत्तम चालत होती तेव्हाची नोंदही १८ च. इथे मी आठवडाभर अडकलो.

गड्डीगोदामचे एक जुने मिस्त्री आहेत, त्यांना वही दाखवली. त्यांनी आकड्याकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "भाऊ, टेबलावर काहून मोजून राहिले? गाडीवर पंप ढकलते न पेट्रोल."

घरी येऊन हिशेब केला. फूटभर उंचीवरून येणाऱ्या पेट्रोलचा दाब साधारण ०.३ पीएसआय (दाबाचं एकक, टायरच्या हवेला वापरतात तेच). माझ्या पंपाचा गेजवर साडेतीन, म्हणजे दहापटीहून जास्त. तेवढ्या दाबाविरुद्ध निडल बंद ठेवायला फ्लोटला जास्त बुडावं लागतं, म्हणजेच पातळी वर चढते. वहीतला जुना १८ गाडीवर मोजलेला होता, नवा १८ टेबलावरचा. दोन्हींची तुलना होऊच शकत नव्हती.

गाडी सपाट फरशीवर उभी केली (अंगणाला उतार आहे, तिथे मोजू नका). मिनिटभर आयडलवर चालवून बंद केली. बॅटरीची तार काढली, आधी पेट्रोलचा पाइप सैल केला, कारण आतला दाब मोकळा न करता झाकण उचललं तर वाटीत आणखी पेट्रोल येतं. झाकण सरळ वर उचललं आणि वाटीच्या भिंतीला चिकटून वर चढलेला पेट्रोलचा काठ सोडून मोजलं. १५ मिलिमीटर! तीन मिलिमीटर पातळी वर.

कारण सापडलं ते निडलच्या सीटखालच्या फायबर वायसरमध्ये. किटमधला १ मिलिमीटरचा होता, डबीत ठेवलेला जुना २ चा. सोलेक्समध्ये पातळी याच वायसरने ठरते: जाड वायसर म्हणजे सीट खाली, निडल लवकर बंद, पातळी कमी. आणि निडल फ्लोटच्या दांडीला बिजागरीजवळ टेकते, त्यामुळे एका मिलिमीटरच्या फरकाने पातळी अडीच-तीन मिलिमीटर हलते. जुना वायसर तडकला होता, म्हणून १ चे दोन एकावर एक न ठेवता नवा २ चा मिळवला. दोन ठेवले तर मधून झिरपतं, तो प्रयोग माझा करून झालाय.

आता गाडीवर १७.५. हे आकडे माझ्या कार्बोरेटरचे आहेत, तुमच्या गाडीवर तुमचा मोजा.

रविवारी सकाळी सेमिनरी हिल्सच्या चढावर नेली. चढ, ब्रेक, पुन्हा चढ. वास नाही, आयडल बसलेलं, परत आल्यावर प्लग बिस्किटी रंगाचे. दुपारी एक वाजता तापलेली गाडी वीस मिनिटं बंद ठेवून सुरू केली तेव्हा मात्र तीनदा स्टार्टर मारावा लागला. हा त्रास खरोखर उन्हाचा दिसतोय. पंपाकडून येणारा पाइप एग्झॉस्टच्या फार जवळून गेलाय, या शनिवारी तो वळवणार आहे.