शेंड्यांचे वय

माझे केस कमरेपर्यंत आहेत, त्यामुळे लग्नकार्यात कोणी ना कोणी तेल कोणते लावता असे हमखास विचारते, आणि साधे खोबरेल असे उत्तर दिले की विचारणारीचा चेहरा पडतो. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला सुमारे 15 सेंटिमीटर वाढतात, आणि वरून लावलेल्या कोणत्याही तेलाने हा वेग वाढल्याचे मला तरी कधी दिसलेले नाही. या हिशेबाने माझ्या वेणीचा शेंडा जवळजवळ पाच वर्षांचा आहे. मुळाशी केस उगवतच असतो. शेंड्याला फाटे फुटून तो तितक्याच वेगाने तुटत राहिला, तर लांबी आहे तिथेच राहते.

लहानपणी आजी मला पुढ्यात बसवून वेणी घालायची, तेव्हा गुंत्याच्या वरचा भाग मुठीत घट्ट धरून ती शेंड्यापासून हळूहळू वर विंचरत यायची आणि मी मुळापासून कंगवा ओढला की हातावर चापट मारायची. ओला केस सहज ताणला जाऊन तुटतो, म्हणून मी आता तो बराचसा वाळल्याशिवाय कंगव्याला हात लावत नाही. न्हाल्यावर पंच्याने फटके मारून केस झटकण्याची आजीची सवय मात्र मी सोडून दिली.

खोबरेल मी न्हाण्याच्या आदल्या रात्री लावते, आणि तेही मुळांपेक्षा लांबीला, कारण मला कोंडा होतो आणि टाळूवर तेल मुरवले की तो वाढतो. खोबरेलातील लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरत असल्यामुळे धुताना केसातील प्रथिने कमी झिजतात. खनिज तेल नुसते वरवर राहते. शिकेकाई वापरायची असेल तर रात्री भिजवून, उकळून, फडक्यातून गाळून घ्यावी. कोरडी पूड चोळली तर तिचे कण केसांत अडकून बसतात आणि ते काढताना केस तुटतात ते वेगळेच.

दोन वर्षांपूर्वी डेंगीतून बरी झाल्यावर, सुमारे अडीच महिन्यांनी, मोरीच्या जाळीवर रोज मूठभर केस साचू लागले. मी घाबरून कांद्याचा रसही लावून पाहिला, त्याचा वास घरच्यांनी आठवडाभर सोसला. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी समजावले की मोठ्या तापात बरेच केस एकदम वाढायचे थांबतात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. रक्ततपासणीत लोहाचा साठाही कमी निघाला, म्हणून त्यांनी गोळ्या दिल्या. पुढच्या काही महिन्यांत गळती थांबली. तेव्हा उगवलेले केस आता खांद्याच्या खाली आले आहेत, पण शेंड्यापर्यंत पोचत नसल्यामुळे वेणीच्या मध्यावरच पेडांतून बाहेर डोकावतात.