पाणी उतरलेल्या पटाशीला परत पाणी दिलं, माझा अनुभव

जुन्या सामानात एक रुंद पटाशी (सुताराची लाकूड तासायची छिन्नी) हाताला लागली, पोलाद जाडजूड पण धार काही टिकेना. जरा ठोकाठोकी केली की धार वळलीच. नीट बघितलं तर टोकाशी निळी झाक, म्हणजे आधीच्या मालकाने ग्राइंडरवर दाबून धरली असणार. पोलाद 300 डिग्रीच्या आसपास गेलं की असं निळं पडतं आणि तेवढ्या भागाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. बरेच जण म्हणतात निळा भाग घासून टाक, खाली कडक पोलाद असतंच, ते खरंही आहे, पण माझ्या पटाशीत बोटभर मागेसुद्धा कानस आरामात खात होती, म्हणजे तिथलंही पोलाद मऊच, मग म्हटलं पूर्ण पाणीच देऊ, म्हणजे तापवून तेलात बुडवून परत कडक करू.

आधी ग्राइंडरवर ठिणग्या बघितल्या, फुलबाजीसारख्या फुटल्या म्हणजे कार्बन भरपूर. कमी कार्बनच्या साध्या माइल्ड स्टीलवर ही सगळी खटपट वाया जाते.

मूठ काढली, गॅस टॉर्च पेटवला आणि खोलीत अंधार केला, कारण उजेडात लाल रंगाचा अंदाजच येत नाही. धारेची बाजू पातळ, ती पटकन जळते, म्हणून ज्योत मागे ठेवून उष्णता पुढे येऊ दिली. मधेमधे लोहचुंबक लावून बघत होतो, आधी चिकटतो, मग रंग चढत जातो आणि एकदम चिकटायचा बंद होतो, ते साधारण 770 डिग्री. त्याच्या वर अजून थोडंसं तापवायचं, पण पिवळं होईपर्यंत नाही, पोलादाचा कण जाड होतो आणि मग ते तुटतं.

लगेच तेलात, सरळ उभी. तिरकी घातली किंवा आडवी हलवली तर वाकते. तेल आधी कोमट केलेलं, पातळ झालं की उष्णता लवकर ओढतं. वर भडका उडतो बरं का, डबा पत्र्याचाच हवा आणि झाकण हाताशी, भडक्यावर पाणी अजिबात टाकायचं नाही.

बाहेर काढून कानस फिरवली तर घसरली! नुसती किर्र करून पुढे, एक कण निघेना. भारी वाटलं, पण या अवस्थेत पटाशी हातातून फरशीवर पडली तर तुकडा उडू शकतो, म्हणून वरची काळी खपली पॉलिश पेपरने काढून लगेच ओव्हनमध्ये 200 डिग्रीला दोनेक तास ठेवली. ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर माझा विश्वास नाही, आत वेगळा थर्मामीटर ठेवला. बाहेर आली तेव्हा गवती पिवळा रंग, हवा तसाच.

पाठ किंचित वाकलीये, ती दगडावर घासून सपाट करायला पाणी देण्यापेक्षा जास्त वेळ गेला. आता धार लावताना ग्राइंडरला हात लावत नाही, दगडच.