मुनाकाता वुडकट, टप्पा तिसरा: कागदाच्या पाठीवरून रंग

फळी कोरून झाली, काळा छापा साफ उतरतोय. आता रंग, आणि तोही मागून.

आधी मुनाकाता या जपानी मुद्राचित्रकाराबद्दल थोडं. लाकडी फळी कोरून तिचे छापे घेणं (वुडकट) हे त्याचं काम. शिको मुनाकाता १९०३ साली आओमोरीत लोहाराच्या घरी जन्मला. व्हॅन गॉगचं वेड घेऊन १९२४ला तोक्योला आला, तैलचित्रं करत राहिला. मुद्राचित्रकार सुमिओ कावाकामीचा एक छापा पाहून लाकडाकडे वळला आणि १९२८ला उनइची हिरात्सुकाकडे कोरणं शिकला. १९३६ साली त्याची ‘यामातो शी उरुवाशी’ ही मालिका लोककला चळवळीचा प्रणेता सोएत्सु यानागी याच्या नजरेत भरली आणि तोक्योच्या लोककला संग्रहालयाने ती घेतली. रंग मागून दे, ही सूचना यानागीचीच. तिच्यामागचं कारण हातात ब्रश घेतला की लगेच कळतं: पुढून दिलेला रंग काळ्यावर चढतो आणि रेषेची धार मारतो. मागून दिला की काळं अबाधित राहतं. शिवाय प्रत्येक रंगाला वेगळी फळी लागत नाही, आणि फळ्या एकमेकींशी जुळवत बसण्याची कटकटही जाते.

कोरण्याबद्दल एकच गोष्ट. मुनाकाताची नजर फार अधू होती, फळीला नाक टेकेल इतका वाकून तो झपाट्याने कोरायचा. त्याच्या रेषेत तो वेग दिसतो. म्हणून पांढऱ्या भागात पटाशीच्या ज्या उंच कडा राहतात आणि छाप्यात काळे ओरखडे देतात, त्या घासूनपुसून काढू नका. त्या काढल्या की छापा मेलाच.

कागद कोझोचा (जपानी तुतीच्या सालीचा पातळ कागद), चौरस मीटरला ३० ग्रॅमच्या आसपासचा. जाड ड्रॉइंग पेपरवर हे काम होणारच नाही. तुकड्याच्या पाठीवर पाण्याचा थेंब टाकून बघा: काही सेकंदांत पुढे ओल दिसायला हवी. थेंब वर तसाच बसून राहिला तर कागदाला खळ जास्त आहे. टिपकागदासारखा चौफेर पसरला तर खळ कमी, रंग रेषेबाहेर धावणार.

शाई पाण्याची, म्हणजे काजळीची जपानी सुमी. तेलाच्या शाईने रेषेभोवती पिवळट वलय येतं आणि त्या वलयावर पाण्याचा रंग बसत नाही. छापा किमान एक दिवस वाळू द्या, पावसाळ्यात दोन. मग कोपऱ्यातल्या काळ्यावर ओला कापूस टेकवा. कापूस काळा झाला तर ती शाई या कामाची नाही. बाटलीतल्या काही स्वस्त शाया वाळल्यावरही सुटतात.

आता रंग. छापा टिपकागदावर पालथा घाला. काचेवर नको, खाली पाणी साचून रंग भलतीकडे सरकतो. पाठीवरून स्प्रेने अगदी हलकी ओल द्या, नाहीतर प्रत्येक फटकाऱ्याची कडा कोरडी होऊन डाग दिसतो. जलरंग पातळ करून मऊ ब्रशने आकाराच्या मध्यावर सोडा आणि काळ्या रेषेच्या ३-४ मिलिमीटर आधी थांबा. उरलेलं अंतर ओल स्वतःच कापते. गालावरचा लाल ठिपका असाच येतो, कडा विरघळलेला. पाठीवर रंग भडक दिसतो, पुढे बराच फिका येतो, वाळल्यावर आणखी उतरतो. म्हणून वाळल्याशिवाय दुसरा हात देऊ नका. पोस्टर कलर टाळा: त्यातली जड पूड पाठीवरच अडकते आणि पुढे नुसता मळकट पाणीडाग येतो.

वाळवताना कोरड्या टिपकागदांत ठेवून वर सपाट फळीचं वजन द्या, टिपकागद दोनदा बदला. वर्तमानपत्र अजिबात नको, ओल्या कोझोवर त्याची शाई उमटते. वजन न देता टांगला तर रंगवलेला भाग आक्रसतो आणि कागद लाटा घेतो.

काळ्या-पांढऱ्याचा तोल अजून जमत नसेल तर रंगाची घाई नको. मुनाकाताची सर्वांत गाजलेली मालिका, १९३९ची बुद्धाचे दहा शिष्य आणि दोन बोधिसत्त्व, काळी-पांढरीच आहे. आनंद, राहुल, उपाली ही आपल्या ओळखीची नावं, पण अंगवस्त्रं बघा: कुठे सगळं काळं, कुठे सगळं पांढरं, आणि आकृती फळीच्या कडांना अंग घासत उभी. १९४५च्या बॉम्बहल्ल्यांत त्याचं तोक्योतलं घर आणि बहुतेक फळ्या जळाल्या. शिष्यांच्या फळ्या तेवढ्या वाचल्या, कारण तोयामाला पाठवलेल्या सामानाच्या बांधणीत त्या लाकूड म्हणून वापरल्या होत्या. दोन्ही बोधिसत्त्व मात्र त्याने १९४८ला नव्याने कोरले. साओ पावलो (१९५५) आणि व्हेनिस (१९५६) इथल्या बिएनालेत (दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात) त्याला मुद्राचित्राचे मोठे पुरस्कार मिळाले.

पुढचा टप्पा: एकच आकृती दोन कागदांवर छापून जोडणं. त्यासाठी दोन्ही कागद एकाच गठ्ठ्यातले आणि तंतूंची दिशा एकच अशी घेऊन ठेवा. ओलीने दोन्ही सारखेच फुगले तरच सांध्यावर रेषा जुळेल.