तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या लहान पोरांना तलावावर कशाला नेता?

पक्षी बघायला नागपुरातल्या अंबाझरी नाहीतर गोरेवाडा तलावावर निघालो की कुणी ना कुणी विचारतंच, "इतक्या लहान मुलांना त्यातलं काय समजतं?" थोरला सहा वर्षांचा, धाकटी चारची. बरंच समजतं, फक्त दाखवायचं ते जवळचं असावं.

दुर्बीण त्यांच्या डोळ्यांना नीट बसत नाही, मधल्या पाण्यातली बदकं म्हणजे नुसते ठिपके. म्हणून आम्ही काठाशी टिबुकली, म्हणजे छोटा पाणपक्षी, शोधतो. ती बुडी मारते नि भलतीकडेच वर येते. "इथून निघेल!" "नाही, तिथून!" यात दोघं तासभर रमतात. तरंगत्या पानांवरून कमळपक्षी चालत जातो, कारण लांबच लांब बोटांमुळे त्याचं वजन पसरतं. अंडी उबवायची, पिल्लं सांभाळायची ती बापानं, प्रसंगी पंखाखाली धरून न्यायचीही त्यानंच. हे ऐकल्यापासून थोरल्याचा तो लाडका झालाय.

एकदा लव्हाळ्याच्या काडीवर धाकटीला चतुराची कात सापडली. पाठीवर उभी चीर आणि तिच्यातून लोंबणारे पांढरे दोरे. ते श्वासनलिकांचं अस्तर असतं. पाण्यात वाढलेली अळी काडीवर चढते, पाठ उकलते आणि आतून पंखवाला चतुर बाहेर पडतो. धाकटी पोटावर पालथी पडून ती चीर बघत होती. नावं पाठ करून घ्यायची घाई मला पटत नाही. असं बघणं आधी हवं.

अंबाझरीच्या सांडव्यावरून पडणारं पाणी नाग नदीत जातं, जिच्यावरून नागपूरचं नाव पडलं तीच ही नदी. "मग पुढे ती काळी का होते?" असं थोरल्यानं विचारलं. आपल्या घरांमधलं सांडपाणी तिच्यात जातं म्हणून, असं मी सरळ सांगितलं. लहान आहे म्हणून हे लपवावं असं मला वाटत नाही.

बाकी तयारी थोडीच. उजाडता उजाडता पोचा, स्वेटर घाला, डब्यात पोहे घ्या. काठ निसरडा असतो, तिथे हात सोडायचा नाही. पक्ष्यांना पाव टाकू देऊ नका. आणि जायचं तर डिसेंबर-जानेवारीत जा. मार्च लागला की पाहुणी बदकं उत्तरेकडे निघतात आणि आपलं ऊन पोरांना सोसवत नाही.